बारावा दिवस

सकाळी सव्वासात. मोशीला कंपनीची बस पकडते. इंद्रायणीचा पूल येईपर्यंत डुलकी, कुरुळीपासून गाड्यांची रांग. रांगेत तारखा मोजते. आमचा नवा कोरियन इंजिनिअर ३ तारखेला उतरला, आज १४. म्हणजे बारावा दिवस. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. 'बाराव्याला कागद, तेराव्याला सबमिट' हे आमच्या एचआरमधलं रोजचं बोलणं. नवीन लागलेली पोरगी पहिल्यांदा ऐकून दचकली होती. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

नऊ. फाइल उघडली. पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावरचा शिक्का, नेमणुकीचा करार, कंपनीचं हमीपत्र, घराचा करार. करारात पगाराचा आकडा आधी बघते, कारण वर्षाला १६.२५ लाखांच्या खाली एम्प्लॉयमेंट व्हिसा सहसा मिळत नाही. स्वतःच्या देशाचं जेवण बनवणारा आचारी याला अपवाद आहे. कायदा करणाऱ्याला पोटाची अडचण कळली, हे मला फार आवडतं.

पूर्वी माणसाला गाडीत घालून पुण्याच्या पोलीस आयुक्तालयात न्यावं लागे, दिवस जायचा. २०१८ पासून हे काम ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं. तरी फोटो पांढऱ्या भिंतीसमोरच हवा. आमच्याकडची एकुलती एक पांढरी भिंत स्टोअरमधली, तिच्यावर कॅलेंडर. ते काढलं तर खिळा इंजिनिअरच्या डोक्यावर बरोबर शेंडीसारखा आला. त्याला अर्धा फूट डावीकडे सरकवलं. त्याने कारण विचारलं नाही, तेवढ्यासाठीही वाकून आभार मानले.

अकरा. त्याच्या घरमालक काकूंचा फोन.

"अगं, त्या दिवशी भरला तो फॉर्म पोलिसांत जातो म्हणे? आम्ही काय केलंय?"

"काकू, तुम्ही काही केलेलं नाही. परदेशी पाहुणा घरी राहिला की चोवीस तासांत कळवायचं असतं. हॉटेलवाले रोज कळवतात."

"मग माझं नाव कशाला?"

"घर तुमचं आहे ना."

याला आम्ही सी फॉर्म म्हणतो. मोठमोठ्या हॉटेलांपासून मोशीच्या टू बीएचकेपर्यंत सगळ्यांना तो लागू. काकूंना पटावं म्हणून सांगितलं, पूर्वी गावात नवखा दिसला की पोलीस पाटील विचारायचा, पाव्हणं कुठलं, मुक्काम कुणाकडं? तसंच समजा. काकू खेडच्या, त्यांना लगेच पटलं. मलाही हे काम असंच दिसतं. एवढ्या कागदांतून सरकार एकच विचारतं, माणूस रात्री झोपला कुठे.

१ सप्टेंबर २०२५ पासून कायदा नवा आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार कायदे गुंडाळून एक केला. आता कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांची आणि दवाखान्यांनी परदेशी रुग्णांचीही माहिती द्यायची. मुदत संपूनही राहिला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही ओळ मी साहेबांना मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा कुठे सही लवकर मिळते.

दीड. कँटीन. बाहेर मोमोच्या गाडीवर नेपाळी पोरगा. त्याला यातलं काहीच करावं लागत नाही, नेपाळ-भूतानच्या नागरिकांना ही नोंदणी नाही. पाकिस्तानी नागरिकाला मात्र चोवीस तासांत. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक असतोच.

तीन. कागद जुळवताना अडकले. हॉटेलच्या सी फॉर्मवर चेकआउट ९ तारखेला सकाळी. काकूंच्या फॉर्मवर आगमन १० तारखेला. मग ९ ची रात्र? कंपनीचं गेस्ट हाउस निघोज्यात आहे, तिथे ठेवला असेल तर तिसरा सी फॉर्म हवा होता आणि तो आम्ही भरलेला नाही. पोटात गोळा आला. ॲडमिनला विचारलं, त्यांनी ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी त्याला सोडलंच नाही. त्याच्या बॅगा गाडीतच होत्या." आता तर घामच फुटला.

शेवटी शॉप फ्लोअरवर गेले. नवी प्रेस धडधडत होती. मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, नऊ तारखेला रात्री तुम्ही कुठे होता? त्याने वाचलं, कान लाल झाले. मग प्रेसकडे बोट केलं, तिथून कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे. ट्रायल पहाटे तीनपर्यंत चालली होती. उरलेली रात्र त्याने खुर्चीतच काढली होती. रजिस्टर काढून बघितलं, तर रात्रपाळीच्या सुपरवायझरने नोंदही केली होती: 'कोरियन साहेब मशीनवर.'

खुर्चीसाठी सी फॉर्म नसतो. मुक्कामच झाला नव्हता. तरी विचारणा झालीच तर असावी म्हणून रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स फाइलला लावली.

सव्वापाच. उद्याची वाट कशाला, म्हणून अर्ज आजच पाठवला. नंबर आला, तो वहीत उतरवला. निघताना पुन्हा फ्लोअरवर गेले, कारण आजही ट्रायल होती. मोबाइलवर टाइप केलं: ट्रायल कितीही लांबली तरी झोपायला काकूंकडेच जायचं. त्याने वाचलं आणि खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली.