नवऱ्याच्या फायलीतली नोकरी

मुलगा अमेरिकेत आहे म्हटले की आमच्या इचलकरंजीत लग्नाच्या बैठकीत ठरावीक प्रश्न निघतात. पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, आईवडील पुढे कुणाकडे राहणार. मुलगी डीकेटीईतून इंजिनिअर झालेली असते, पुण्यात तीन-चार वर्षे नोकरी केलेली असते, भावाच्या फीला तिनेच हातभार लावलेला असतो. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही: मुलाचा आय-१४० मंजूर झाला आहे काय? पानसुपारीच्या तबकापाशी हे वाक्य विचित्र वाटेल, हे मला मान्य आहे. तरी लग्नानंतर मुलीला तिथे चार पैसे कमावता येतील की नाही, हे पुष्कळदा या एका उत्तरावर ठरते.

आपल्याकडचे बहुतेक तरुण संगणक अभियंते तिकडे एच-१बी व्हिसावर असतात. हा व्हिसा आजच्या रूपात १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला मूळ मर्यादा ६५,००० ची, तिथल्या विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मुदत एरवी सहा वर्षे. त्याच्या बायकोला मिळतो तो एच-४. कायद्याच्या भाषेत ती ‘अवलंबित’. तिला तिथे राहता येते, शिकता येते, बँकेत खाते काढता येते. पगार मात्र घेता येत नाही. बिनपगारी सेवा करायची तरी ते काम मुळात बिनपगारीच असावे लागते. एरवी ज्याला पगार मिळतो ते काम ‘मी फुकट करते’ म्हणून चालत नाही. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. कर भरण्यापुरता एक वेगळा क्रमांक मिळतो, म्हणजे नवऱ्याच्या विवरणपत्रात तिचे नाव येते, कमाईच्या रकान्यात येत नाही.

आता गंमत पाहा. कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्याला इथून तिकडच्या शाखेत बदलीवर नेले तर त्याचा व्हिसा एल-१, बायकोचा एल-२. या एल-२ बायकांना नोकरी करू देणारा कायदा अमेरिकेने जानेवारी २००२ मध्येच केला. एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणी, गुण सारखे, अनुभव सारखा, दोघींचे नवरे एकाच शहरात. एक सकाळी कामावर जाते आणि दुसरी घरी बसते. फरक कशाचा, तर नवऱ्याला कंपनीने कोणत्या कलमाखाली नेले त्याचा.

एच-४ बायकांसाठी दार किलकिले झाले ते २६ मे २०१५ रोजी, ओबामा सरकारच्या एका नियमाने. त्याचे कारण समजून घ्यायचे तर हिरव्या कार्डाची रांग समजून घ्यावी लागते. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० हिरवी कार्डे दिली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. भारतातले अर्जदार अफाट, म्हणून भारताची रांग संपतच नाही. २०२५ साली आपल्याकडच्या पदव्युत्तर गटात २०१२-१३ च्या सुमारास रांगेत लागलेल्यांचे नंबर लागत होते. या रांगेत उभे राहायचे तर आधी कंपनीने ‘या जागेसाठी इथला लायक माणूस मिळाला नाही’ असे मजूर खात्याकडून प्रमाणित करून घ्यायचे आणि मग आय-१४० हा अर्ज करायचा. तो मंजूर झाला, पण कार्ड अजून हाती नाही, अशांना २००० सालच्या एका कायद्याने सहा वर्षांपुढेही मुदतवाढ मिळते. २०१५ चा नियम एवढेच म्हणतो की, ज्याचा आय-१४० मंजूर आहे किंवा ज्याला त्या कायद्याने सहा वर्षांपलीकडे मुदत मिळाली आहे, त्याच्या बायकोने कामाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. नुकत्याच एच-१बीवर गेलेल्या मुलाच्या बायकोला त्याचा काही उपयोग नाही. कंपनी अर्ज कधी करते याची वाट बघत तिची दोन-तीन वर्षे सहज जातात. कंपनीच्या मनात नसेल तर त्याहून जास्त.

डिसेंबर २०१७ पर्यंत अशा ९०,९४६ जणांना पहिल्यांदा परवाना मिळाला होता. मंजूर झालेल्यांत ९३ टक्के स्त्रिया होत्या आणि ९३ टक्के भारतातल्या. म्हणजे नियम अमेरिकेचा, पण तो जवळजवळ आपल्याच मुलींचा आहे असे म्हणायला हरकत नाही.

नियम लागू होण्याआधीच त्याच्यावर दावा पडला होता. दावा करणाऱ्या संघटनेतले लोक कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीचे माजी कर्मचारी होते. आपल्या जागी एच-१बीवाले आणले गेले, हे त्यांचे दुःख. ते खोटे होते असे मला वाटत नाही, त्याचा राग नेमका या बायकांवर निघाला एवढेच. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने नियम रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. मधली वर्षे या बायकांनी तारखा मोजत काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

पण परवाना टिकणे वेगळे आणि हातात असणे वेगळे. त्याची मुदत तिच्या एच-४ च्या मुदतीपुरती, ती नवऱ्याच्या एच-१बीच्या मुदतीपुरती, साधारण तीन वर्षे. नूतनीकरणाचा अर्ज रखडला की जुना परवाना संपलेल्या दिवशी नोकरी थांबते. २०१९ ते २०२१ या काळात बोटांच्या ठशांची नवी अट आणि त्यात कोविड, यामुळे अनेकींच्या नोकऱ्या अशा गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका दाव्यातल्या तडजोडीने काही अटींवर आपोआप मुदतवाढ मिळू लागली. एल-२ बायकांना तर तेव्हापासून वेगळ्या परवान्याचीही गरज उरली नाही. २०२५ ची दिवाळी उरकते न उरकते तोच, ३० ऑक्टोबरपासून केलेल्या अर्जांना ही आपोआप मुदतवाढ बंद झाली. नवऱ्याची नोकरी गेली तर दोघांना मिळून जास्तीत जास्त साठ दिवस. घटस्फोट झाला तर एच-४ ही संपतो आणि परवान्याचा आधारही.

यात बाईच अवलंबित असते असेही नाही. पल्लवी बॅनर्जी यांच्या ‘द अपॉर्च्युनिटी ट्रॅप’ या २०२२ च्या पुस्तकात संगणक अभियंत्यांच्या बायका आहेत, तसे भारतीय परिचारिकांचे नवरेही आहेत. बायको कमावती आणि नवरा घरी. कागदाला स्त्री-पुरुष कळत नाही. आपल्या समाजाला कळते, म्हणून आकडा ९३ टक्क्यांवर जातो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तेव्हा व्हिसा हा प्रकारच नव्हता. नवऱ्याच्या मागून नव्हे, नवऱ्याच्या आधी गेल्या. गोपाळराव मागाहून पोचले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांना नेमणूक देऊ केली ती आमच्या कोल्हापूर दरबाराने, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागात. ते काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. पण नेमणुकीचा कागद त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता.

१९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आलेल्या आमच्या गावात मी लहानपणापासून पाहत आलो आहे: मागाच्या घरात बाई दिवसभर कांड्या भरते आणि आठवड्याच्या हिशेबाच्या वहीत नाव पुरुषाचे असते. त्यामुळे ‘अवलंबित’ या शब्दाने इथले आईबाप दचकत नाहीत. दचकते ती मुलगी, तेही तिकडे पोचल्यावर.

तेव्हा बैठकीत निदान एवढे विचारावे. व्हिसा एच की एल? एच असेल तर एच-१बीचे कितवे वर्ष? आय-१४० झाला आहे का, आणि झाला असेल तर त्या मंजुरीपत्राची प्रत मुलाजवळ आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परवान्याच्या अर्जाला ती प्रत जोडायची असते, आणि काही कंपन्या ती नवऱ्याच्याही हाती देत नाहीत, कारण अर्ज कंपनीचा, म्हणून कागदही कंपनीचा. मग पावतीचा क्रमांक तरी मिळवावा लागतो. बायको नवऱ्याला विचारते, नवरा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला मेल करतो आणि दोघे उत्तराची वाट बघतात.