दोन होड्यांमधली बाज

धागा ते दोरखंड : भाग ९

गेल्या भागात आपण बाजेची वीण पाहिली. पायथ्याकडे वीतभर जागा मोकळी सोडून तिथं जाड दोरी ओवलेली असते. बाज सैल झाली की सगळी वीण उसवावी लागत नाही. तेवढी एक दोरी आवळली की काम भागतं. आज हीच बाज आपण समुद्रावर न्यायची आहे. तिथं तिला ट्रॅम्पोलिन म्हणतात, आणि ती जुनी झाली हे ओळखायचं कसं, ती उतरवायची कशी आणि नवी बसवायची कशी, हा आजचा विषय.

कॅटामरान म्हणजे दोन अंगांची शिडाची होडी. शेजारी शेजारी दोन सडपातळ अंगं, म्हणजे हल, त्यांना जोडणारे आडवे बीम आणि मधल्या रिकाम्या चौकटीवर ताणलेलं जाळं. होबी १६ ही या जातीतली जगभर पसरलेली होडी. लांबी ५ मीटरच्या किंचित वर, रुंदी २.४ मीटर, वजन साधारण १४५ किलो. तिच्यावर बसायची जागा म्हणजे हे जाळंच. माणसं त्यावरच बसतात, त्यावरूनच शिडाच्या दोऱ्या ओढतात आणि वारा फिरला की त्यावरूनच रांगत दुसऱ्या बाजूला जातात. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या कॅटामरानला मध्ये पक्कं डेक असतं, पण नाकाकडच्या भागात तिथंही जाळंच असतं.

तिथं फळ्या का ठोकत नाहीत? कारण समोरून आलेली लाट हलांच्या मधून उसळते. फळी असेल तर तो दणका सगळ्या होडीला बसतो, आणि वर चढलेलं टनभर पाणी नाकावर साचून राहतं. जाळ्यातून लाट खालून वर येते आणि वरून खाली निघून जाते. शिवाय नाकाकडचं वजन वाचतं. जाळ्याची भोकं ही त्या होडीची गरज आहे.

बांधलेलं लाकूड, बांधलेली उलांडी

कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मूळचं कट्टुमरम दोन हलांचं नव्हतं. ओंडके एकमेकांना दोरीनं बांधून केलेला तो तराफा होता. आपल्या कोकणातही बांधलेली होडी आहेच. मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत रापणीच्या किनाऱ्यांवर होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला, हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला दिसतो. तीच उलांडी. अरुंद होडी तिच्या आधारानं कलंडत नाही. तो सांधा खिळ्यांनी आवळण्याऐवजी दोरीनं बांधण्यात शहाणपण आहे: लाटेवर दोन्ही अंगं वेगवेगळी हलतात, आणि दोरी थोडी लवते म्हणून सांधा टिकतो.

१८७६ मध्ये अमेरिकेत नॅथनेल हेरशॉफ यांनी ‘अमॅरिलिस’ नावाची दोन हलांची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिचेही हल लवचिक सांध्यांनी जोडलेले होते. एकअंगी होड्यांना तिनं इतकं मागं टाकलं, की पुढं या जातीलाच त्या शर्यतींतून बाहेर ठेवलं गेलं. कट्टुमरम, उलांडी आणि अमॅरिलिस या तिन्हींचं बळ त्यांच्या बांधणीत आहे. ट्रॅम्पोलिनचंही तसंच. म्हणून जाळ्याइतकंच लक्ष ते बांधणाऱ्या दोरीकडे आणि शिवणाऱ्या दोऱ्याकडे द्यायचं.

पाण्यानं नव्हे, उन्हानं

चितेगावात बसून समुद्रावरच्या जाळ्याबद्दल लिहायला मला अवघड वाटत नाही, कारण त्या जाळ्याचा खरा वैरी आपल्या ओळखीचा आहे. पाण्यानं किंवा मिठानं झिजायच्या आधी जाळं उन्हानं मरतं. आणि उन्हाबद्दल आमच्या पैठण तालुक्याला कुणी नव्यानं काय सांगावं?

ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, ते आठवा. त्यांत काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो. तो अतिनील किरण स्वतः शोषून घेतो, आणि आतलं प्लास्टिक वाचतं. असं काही संरक्षण नसलेली प्लास्टिकची सुतळी कुंपणाला बांधून बघा. एक उन्हाळा गेला की ती हातात चुरते. कृत्रिम धागा म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. अतिनील किरणांनी त्या साखळ्यांच्या कड्या तुटतात. सुरुवात बाहेरच्या थरापासून होते, तिथं पांढुरकी पूड धरते, बारीक कूस निघते, आणि मग इजा आत आत सरकत जाते.

नाथसागराच्या काठावर टाकून दिलेल्या तंगूस जाळ्याचा तुकडा कधी उचलून पाहा. गाठी जागच्या जागी असतात, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, तोसुद्धा तसाच चौकोनी. पण दोन बोटांत धरून झटका दिला की कट्कन तुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हटवादी माणसाबद्दल म्हणतो. दोरीच्या बाबतीत मात्र ही म्हण शब्दशः घ्यायची, आणि धोक्याची खूण म्हणून घ्यायची. पीळ शाबूत दिसतो, सुंभ केव्हाच जळलेला असतो. ट्रॅम्पोलिनमधून माणूस खाली जातो तो बहुतेक वेळा असा: जाळं दिसायला धड होतं, म्हणून त्यानं त्यावर पाय ठेवला.

नखानं घ्यायची परीक्षा

गोव्यात दोना पावलच्या किनाऱ्यावर एका मित्राची जुनी होबी आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं ट्रॅम्पोलिन बदलायला मी मदतीला गेलो होतो. वरून पाहिलं तर काळं कापड एकसंध होतं, कुठं भोक नाही की ठिगळ नाही. मित्र म्हणाला, ‘‘अजून एक हंगाम निघेल.’’ मी कडेची टीप शोधली आणि तिच्यावरून नख फिरवलं. दोरा धुळीसारखा उडाला. पुढची चार बोटं टीप नखानं आपोआप उसवत गेली. मग उन्हाची बाजू सोडून कापड उलटलं. सावलीतल्या बाजूचा तोच दोरा नखाला दाद देईना.

यातच सगळं आलं. कापडाचे धागे विणीत एकमेकांच्या आड असतात. टिपेचा दोरा कापडाच्या वर उघडा पडलेला असतो, बारीक असतो, आणि कडेचा सगळा ताण त्याच्यावर असतो. म्हणून जाळ्याआधी दोरा जातो. तपासायचा क्रमही तोच: आधी टिपा, मग बांधायची दोरी, मग ती ओवायच्या रिंगा आणि सगळ्यात शेवटी मधलं जाळं. रिंग कापडातून ओढली जाऊन तिच्याभोवती अंडाकृती भोक पडलं असेल, दोरी वाळल्या वेलीसारखी कडक झाली असेल किंवा धाग्यावर पूड धरली असेल, तर ठिगळ लावत बसू नये. जुन्या कापडात नवी टीप घातली तर ती ज्या धाग्यांत रुतते, तेच मेलेले असतात.

कोणतं जाळं, केवढं जाळं

नायलॉन मजबूत आहे, पण ते पाणी पितं. ओलं झालं की लांबतं. किनाऱ्यावर टणक ताणलेलं जाळं समुद्रात झोळ धरतं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, कमी ताणतं आणि उन्हालाही जास्त दिवस तोंड देतं. म्हणून मोठ्या होड्यांवर बिनगाठीचं पॉलिस्टरचं जाळं चालतं. गाठ नसल्यानं ते पायाला बोचत नाही आणि गाठीशी धागा दुमडून कमजोरही होत नाही. डायनिमा या धाग्याचं जाळं वजनाला हलकं आणि ताकदीला सर्वांत पुढं, पण महाग. छोट्या होड्यांवर बारीक विणीचं जाळीदार कापड असतं.

आस निवडताना पाय आणि पाणी यांचा हिशेब घालावा लागतो. आस लहान घेतला तर बोटं अडकत नाहीत, हातातली वस्तू खाली पडत नाही, पण लाट निघून जायला वेळ लागतो. मोठा घेतला तर पाणी झटकन जातं, पण अनवाणी चालताना त्रास होतो. आणि कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणाऱ्याला दोऱ्याबद्दल विचारा. उन्हाला टिकणारा जाड पॉलिस्टर दोरा हवाच. टेफ्लॉन म्हणून आपण ओळखतो त्या पीटीएफईचा दोरा मिळाला तर फारच उत्तम. तो उन्हानं जवळजवळ कुजत नाही.

जाळी विणण्याचं ज्ञान आपल्यापासून दूर नाही. पुणे आणि वाई इथल्या गरवारे टेक्निकल फायबर्सच्या कारखान्यांतून मासेमारीची आणि समुद्रातल्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांची जाळी परदेशी जातात. ऊन, मीठ आणि ताण यांचा विचार तिथंही करावाच लागतो.

माप घेताना एक चूक हमखास होते. जुनं जाळं जमिनीवर पसरून त्याचं माप घेतात. जुनं जाळं ताणलेलं असतं, शिवाय सगळीकडे सारखं ताणलेलं नसतं. माप चौकटीचं घ्यायचं: चारही बाजू आणि दोन्ही कर्ण. कर्ण जुळले नाहीत तर चौकट काटकोनी नाही, हे घर बांधणारा गवंडीही सांगेल. जिथं दोरी ओवायची आहे, तिथं जाळं चौकटीपेक्षा काही बोटं लहान हवं. बाजेच्या पायथ्याला सोडलेली वीतभर जागा ती हीच. ती नसेल तर पुढं आवळायला वाव राहत नाही.

किती आवळायचं

वाळत घालायच्या दोरीचा अनुभव सगळ्यांना आहे. ती जितकी सपाट ताणावी, तितकी ओल्या चादरीनं खुंटी उपटायची भीती. हिशेब करून पाहू. ४ मीटर अंतरावर बांधलेल्या दोरीच्या बरोबर मध्ये ७० किलोचा माणूस लोंबकळला आणि दोरी ४० सेंटिमीटर खाली आली, तर दोरीत साधारण १७५ किलोचा ताण येतो. झोळ २० सेंटिमीटर असेल तर ३५० किलो, आणि फक्त १० सेंटिमीटर असेल तर ७०० किलो. माणूस तोच; झोळ निम्मा झाला की ताण दुप्पट.

जाळ्यात हा भार अनेक धाग्यांत वाटला जातो, पण नियम बदलत नाही. तबल्यासारखं घट्ट जाळं दिसायला छान, पण ते टिपा, रिंगा आणि बीम या सगळ्यांवर दिवसरात्र ओझं टाकतं. फार सैल जाळं लाटेला लागतं आणि त्यावर चालणं धोक्याचं. चालताना पायाखाली थोडं दबेल आणि पाय उचलताच सपाट होईल, इतका ताण पुरे.

बसवण्याचं काम

जुनं जाळं काढताना दोरी कापून टाकण्याआधी ती कशी ओवली आहे, त्याचा फोटो घ्या. जाळं निघालं की बीम पहिल्यांदा उघडा दिसतो. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचे स्क्रू असतील तर त्यांच्याभोवती पांढरी पूड किंवा फुगवटा आहे का पाहा. खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नव्या जाळ्याला घासेल अशी धार कानशीनं मोडून घ्या. खाचेतली वाळू गोड्या पाण्यानं धुवा.

छोट्या होडीत जाळ्याच्या कडेला गोल दोरी शिवलेली असते, आणि ती नळीच्या खाचेतून सरकवत न्यायची असते. भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं की ती सरकते. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं खाचेच्या तोंडाशी कापड सरळ धरायचं. तोंडाशी ते फाटायची सगळ्यात जास्त शक्यता असते.

मग ओवणं. दोना पावलला पहिल्याच फेरीत मी एका टोकापासून पूर्ण जोर लावून आवळत गेलो. दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा मधली फट पाचरीसारखी झाली होती: इकडे दोन बोटं, तिकडे अख्खी वीत. सगळं सोडून पुन्हा करावं लागलं. पहिली फेरी नुसती हातानं, दोरी जागेवर बसेल इतपतच. दुसऱ्या फेरीत मधून कडांकडे थोडं आवळायचं. तिसऱ्या फेरीत पक्कं करायचं. मग होडी पाण्यात नेऊन माणसांना त्यावर वावरू द्यायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा आवळायचं. नवी दोरी आणि नवी वीण दोन्ही बसतात, बाजेसारख्याच.

मोठ्या होडीवर एक गोष्ट कटाक्षानं पाळायची: एका बाजूची सगळी ओवण एकाच लांब दोरीनं करायची नाही. ती एका जागी तुटली तर अख्खी बाजू उसवत जाते. तुकडे पाडून बांधावं, प्रत्येक तुकड्याला स्वतःची गाठ. म्हणजे एक तुटली तर एकच तुटते, आणि अंधारात पुढं गेलेल्या माणसाच्या पायाखाली बाकीचं जाळं शाबूत राहतं.

काम संपल्यावर मित्रानं पक्क्या शाईचं पेन आणलं आणि जाळ्याच्या खालच्या कडेला, जिथं ऊन पोचत नाही तिथं, महिना आणि साल लिहिलं. मी त्याला आणखी एक काम सांगितलं: नव्या बांधायच्या दोरीचा वीतभर तुकडा घरात कपाटात ठेव, आणि दर पावसाळ्यानंतर होडीवरच्या दोरीशी तो ताडून बघ. नजर रोज तेच पाहून सरावते, पण नव्या-जुन्या दोऱ्यांमधला फरक बोटांना लगेच कळतो. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. कपाटातला तुकडा मऊ होता, होडीवरचा थोडा खरखरीत झाला होता. जाळं ठीक होतं. त्यानं फक्त बांधायची दोरी बदलली. अजून एक हंगाम निघेल, असं या वेळी त्यानं दोन्ही तुकडे हातात घेऊन सांगितलं.

पुढच्या भागात : शेडनेटची शिवण वाऱ्यात कुठून उसवते आणि तारेला ती कशी बांधावी.