माठ गेला, बिंदुनामावली राहिली

सन १९१८. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकारी प्राध्यापकांनीच घेतला. ही गोष्ट आपण मुलाबाळांना सांगतो आणि ‘आता कुठे तसे राहिले?’ म्हणून मोकळे होतो.

माठ गेला हे खरे. कूलरपाशी सहसा कुणी अडवत नाही. आता अडवणूक कागदावर होते. तो कागद म्हणजे बिंदुनामावली.

उदाहरण पाहा. केंद्रीय विद्यापीठांत संपूर्ण विद्यापीठ एक धरून २०० बिंदूंची नामावली लावत. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हेच एकक धरले आणि ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्र काढले. आता हिशेब करा. १३ बिंदूंच्या नामावलीत चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातींची, जमातींची थेट चौदावी. लहान विभागात मुळात जागाच चार-पाच! म्हणजे आपला बिंदू यायचाच नाही. आरक्षण रद्द केले असे कुणी म्हटले नाही, फक्त मोजायची फूटपट्टी बदलली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच कायम राहिले. मग ५ मार्चला भारत बंद झाला, दोन दिवसांत अध्यादेश निघाला आणि जुलैत कायदा होऊन संपूर्ण संस्था हे एकक ठरले.

तरी नेमणूक शेवटी माणसेच करतात. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या शेऱ्याला एक ओळ पुरते. मी एका कचेरीत नवा होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “राहता कुठे?” म्हटले, कोपरला. “ते राहण्याचे झाले हो, मूळचे कुठले?” गाव सांगितले. मग आडनाव. मग वडील काय करीत. त्यानंतर माझ्याकडे फाईल देताना त्यांचा आवाज बदलला, तो कायमचा.

आवाजाविरुद्ध अर्ज करता येत नाही, नामावलीविषयी करता येतो. आपल्या राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के व जमातींना ७ टक्के जागा आहेत, आणि नामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे तो कक्ष बेलापूरच्या कोकण भवनात. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात मोघम ‘आरक्षणाची माहिती द्या’ असे लिहू नका. तपासलेल्या नामावलीची प्रत, शेवटच्या तपासणीची तारीख आणि संवर्गनिहाय रिक्त बिंदू, एवढेच मागा.