जुन्या बरण्या आणि परसातील फुले

फुले देवासाठी आणि वेणीसाठी. ती भांड्यात उभी करून दिवाणखान्यात मांडणे हा निव्वळ साहेबी थाट होय, असे माझे मत पुष्कळ वर्षे होते. ते कसे पालटले हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या श्रावणात माळा आवरताना चिनी मातीच्या पाच जुन्या बरण्या निघाल्या. माझ्या कै. मातुश्री त्यांत लोणची मुरवीत. एकीच्या काठाचा टवका उडालेला, दुसरीस केसाएवढी चीर. "आता निरुपयोगी, देऊन टाका," असा निकाल मी दिला. धाकट्या सूनबाईंनी मात्र त्या धुऊन एकीत निशिगंध उभा केला. मी काहीशा रागानेच म्हणालो, "सूनबाई, देवाची फुले इथे कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, देवाची परडी पहाटेच भरून ठेवली आहे. आणि आजेसासूबाईंची बरणी घराबाहेर काढवेना." यावर मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर त्यांची पद्धत मी रोज न्याहाळू लागलो. बरणीच्या अंगी मुरलेले मीठ फुलांस बाधते, म्हणून ती ऊन पाण्याने दोन-तीनदा धुवावी. चिरलेल्या बरणीत पाण्याने भरलेला पेला ठेवावा. फुले उन्हापूर्वी कापावीत. देठ तिरका छाटावा. तो पाण्यात बुडवून छाटल्यास त्याच्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरत नाही आणि पाणी वर चढते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की सूक्ष्म जंतू वाढून त्या नळ्या तुंबतात. पाणी नित्य पालटावे व देठ किंचित पुन्हा छाटावा. पिकल्या केळ्या-आंब्यांजवळ बरणी ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर मलूल होतात.

बरणीचे तोंड रुंद असल्यास आत दोन काटक्या फुलीसारख्या अडकवाव्यात. देठ सरळ राहतात. फुलांची उंची बरणीच्या सुमारे दीडपट असली की डोळ्यांस बरी वाटते. निशिगंध खालून वर उमलत जातो, तेव्हा सुकलेली फुले खुडावीत. जास्वंद बहुधा एका दिवसाची सोबतीण आणि पारिजातक पहाटेसच गळणारा. ही पसरट वाडग्यात तरंगवावीत.

राहिला साहेबी थाटाचा आक्षेप. पण निशिगंध आणि दसऱ्याचे तोरण ज्याच्यावाचून अडते तो झेंडू, ही दोन्ही मूळची मेक्सिकोकडची! परकी फुले आपण देवघरापर्यंत नेली; मग मांडणीचेच सोवळे कशाला?

शिवाय अमरकोशात 'सुमनस्' हा शब्द देवांच्या नामांतही आला आहे आणि फुलांच्या पर्यायांतही. चांगले मन हा त्याचा सरळ अर्थ. हा कोश मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतला. पण त्या शब्दाची खूण पटली ती सूनबाईंच्या उत्तराने.

आता टवका उडालेली ती बरणी माझ्या लेखनाच्या मेजावर असते. लोणच्याच्या कामातून ती निवृत्त झाली, शाळेच्या कामातून मी. निरुपयोगी ठरविण्याची घाई दोघांच्याही बाबतीत करू नये, इतकेच वाचकांस सुचवितो.