रुळांवर उघडणारं पॅराशूट

चंडीगडजवळ रामगडला डीआरडीओची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. तिच्या आवारात चार किलोमीटर लांबीचा लोहमार्ग आहे, पण ना स्टेशन, ना उतारू. रूळही दोन नव्हेत, पाच. २०१४ साली सुरू झालेल्या या मार्गावर धावते एक बिनचाकाची पोलादी गाडी. तिला स्लेड म्हणतात. रुळाला घट्ट धरून बसणाऱ्या पकडींवर ती घसरत जाते आणि मागून तिला ढकलतात घन इंधनाची रॉकेटं. भारताच्या समानव अवकाशमोहिमेच्या, म्हणजे गगनयानच्या, पॅराशूटांची परीक्षा इथे झाली.

उघडायचं आकाशात, तर तपासायचं रुळांवर का? पॅराशूटला बसणारा हवेचा मार दोन गोष्टींवर ठरतो : हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. वर हवा विरळ, खाली दाट. त्यामुळे जमिनीवर कमी वेगातही तेवढाच दाब मिळवता येतो. आणि तो नेमक्या हव्या त्या क्षणी मिळतो, हे जास्त महत्त्वाचं. विमानातून टाकलेली वस्तू वाऱ्याच्या मर्जीने पडते, कॅमेरे लांब राहतात आणि काही बिनसलं तर ढिगारा चाळत बसावं लागतं. स्लेडवर मोजमापाची यंत्रं गाडीतच असतात, वेगवान कॅमेरे रुळांच्या कडेला.

अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणाऱ्या गगनयानच्या कुपीत एकूण दहा पॅराशूटं आहेत. दोन वरचं झाकण ओढून काढतात, मग दोन ड्रोग कुपीला स्थिर करून तिचा वेग कमी करतात, त्यानंतर तीन छोटी पॅराशूटं तीन मुख्य पॅराशूटांना बाहेर खेचतात. यात सगळ्यात वाईट काम ड्रोगच्या वाट्याला येतं. कुपी भरवेगात डोलत असताना त्याने उघडायचं असतं.

म्हणून हे ५.८ मीटर व्यासाचं ड्रोग सलग कापडाचं नसतं, पट्ट्यांचं असतं. पट्ट्यांमधल्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे ते फाटत नाही आणि फारसं झुलतही नाही. ही युक्ती १९३०च्या दशकात जर्मनीत निघाली. घडी करून ठासलेलं पॅराशूट स्फोटकाच्या जोरावर एका नळीतून बाहेर फेकलं जातं. आधी दोऱ्या ताणल्या जातात, मग पिशवीतून पट्ट्या सुटतात. ते लगेच पूर्ण फुललं तर झटका असह्य होईल. म्हणून बटव्याची नाडी आवळावी तसं त्याचं तोंड एका दोरीने अर्धवट बांधलेलं असतं. ठरलेल्या वेळाने छोटे स्फोटक कातरे ती दोरी कापतात आणि ते पूर्ण उघडतं. झटका दोनदा बसतो, पण सोसवेल असा.

मार्च २०२३ मध्ये झाकण काढणारी आणि मुख्य पॅराशूटांना खेचणारी पॅराशूटं या रुळांवर तपासली गेली. ऑगस्टमध्ये पाळी ड्रोगची. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेबरोबर तीन चाचण्या केल्या : तोंड बांधलेलं असतानाचा कमाल भार, दोरी कापल्यानंतरचा कमाल भार आणि कुपी जास्तीत जास्त तिरकी असताना उघडणं. तिसरी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. कुपी नेहमी सरळच येईल, हे गृहीत धरण्याची चैन कोणालाच परवडत नाही.

ही काळजी फाजील नव्हे. २४ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ-१ हे सोव्हिएत यान परतताना ड्रोग उघडलं, पण त्याला मुख्य पॅराशूट बाहेर ओढता आलं नाही. राखीव पॅराशूट सोडलं, ते त्याच ड्रोगमध्ये गुरफटलं. यानातले अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव यांचा मृत्यू झाला.

अर्थात रुळांवर सगळंच कळत नाही. गाडी आडवी धावते, पडत नाही. आणि तीन मुख्य पॅराशूटं एकत्र फुलताना एकमेकांशी कशी वागतात, हे पाहायला खरं आकाशच लागतं. त्यासाठी झाशीजवळचं बबीना. १८ नोव्हेंबर २०२२ला तिथे आयएल-७६ विमानातून पाच टनांचं ओझं अडीच किलोमीटरवरून सोडलं. मुख्य पॅराशूटांपैकी एक उघडलंच नाही, अशी स्थिती मुद्दाम धरून. ते ओझं दोन-तीन मिनिटांत सुखरूप उतरलं.

आकाशातल्या चाचण्या झाल्या म्हणून रुळांची गरज मात्र संपली नाही. १८ आणि १९ डिसेंबर २०२५ला ड्रोग पुन्हा याच मार्गावर होतं, या वेळी पात्रता चाचणीसाठी.