कंट्रोल प्लेनचे लॉग: नोंद आधी, चौकशी नंतर

मागच्या वेळी आपण पॉडचे लॉग बघितले. आज एक पायरी वर जाऊ या.

आमच्या एका प्रकल्पात एका सकाळी अख्खी नेमस्पेस गायब! संशय गेला नव्या मुलावर, कारण आदल्या संध्याकाळी तोच काम करत होता. पुरावा शोधायला बसलो, तर हाती काहीच नाही. 'क्यूबसीटीएल लॉग्ज' कंटेनर काय म्हणतो तेवढंच सांगतं. कुबरनेटीसचे इव्हेंट्स साधारण तासाभरातच पुसले जातात. तो मुलगा निर्दोष होता का, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. चूक आमची होती. का, ते बघू.

क्लस्टर आपण स्वतः उभारला असेल, तर एपीआय सर्व्हर आपल्याच मशीनवर असतो. तिथे जाऊन लॉग वाचता येतात. अमेझॉनच्या ईकेएससारख्या सेवेत मात्र कंट्रोल प्लेन सेवा देणारा सांभाळतो. त्या मशीनवर आपल्याला प्रवेश नाही. लॉग आपल्यापर्यंत पाठवले जातात, पण आपण मागितले तरच. ही सोय सुरुवातीला बंद असते, आणि चालू करण्याआधीच्या नोंदी मागाहून मिळत नाहीत. आमचं इथेच चुकलं.

लॉगचे पाच प्रकार आहेत: एपीआय, ऑडिट, ऑथेंटिकेटर, कंट्रोलर मॅनेजर आणि शेड्युलर. प्रत्येक वेगळा चालू करता येतो. 'कुणी काय केलं' हे ऑडिटमध्ये सापडतं. आयएएममधली कुठली ओळख क्लस्टरमध्ये कोण म्हणून आली, हे ऑथेंटिकेटर सांगतो. पॉड नोडवर का बसत नाही, हे शोधताना शेड्युलरचा लॉग कामी येतो.

चालू कसं करायचं? ईकेएसच्या कन्सोलमध्ये आपला क्लस्टर उघडा, ऑब्झर्व्हेबिलिटीच्या भागात कंट्रोल प्लेन लॉगिंग शोधा आणि हवे ते प्रकार निवडा. मग लॉग क्लाउडवॉचमध्ये, क्लस्टरच्या नावाच्या लॉग ग्रुपमध्ये येऊ लागतात. साधारण काही मिनिटांत दिसतात. तिथे लॉग्ज इनसाइट्समध्ये ऑडिटच्या नोंदी निवडायच्या, क्रिया 'डिलीट' आणि वस्तू 'नेमस्पेसेस' अशी चाळणी लावायची. वापरकर्ता, वेळ, आयपी पत्ता, सगळं समोर येतं.

दोन गोष्टी विसरू नका. एक, खर्च. क्लाउडवॉच लॉग घेण्याचे आणि साठवण्याचे पैसे लावतं, आणि मुदत ठरवली नाही तर नोंदी कायम राहतात. म्हणून ३० किंवा ९० दिवस अशी मुदत घालून द्या. दुसरी, सगळी टीम एकच ओळख वापरत असेल, तर ऑडिटमध्येही एकच नाव दिसेल. प्रत्येकाची ओळख वेगळी ठेवा.

पाचही प्रकार परवडत नसतील, तर निदान ऑडिट आणि ऑथेंटिकेटर आजच चालू करा. लॉगचा उपयोग फक्त दोषी पकडायला नसतो. ज्यानं काही केलंच नाही, त्याच्या बाजूनं बोलणारंही कुणीतरी लागतं.