सिझरच्या वेळी बाळाला ओरखडा आला तर

आज आम्ही कर्ज आणि हप्ते बाजूला ठेवून एका वेगळ्या गोष्टीवर बोलणार आहोत. सिझरच्या वेळी कधीकधी बाळाला बारीक इजा होते. तिच्याबद्दल घरात कुजबुज होते, पण नीट बोलत कुणी नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीला एक ताई आलीच नाही. बचतीचे पैसे तिनं शेजारणीच्या हाती पाठवले. पाच वर्षांत तिची एकही बैठक चुकली नव्हती, म्हणून आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. सुनेचं एका दवाखान्यात सिझर झालं होतं, मुलगी झाली होती. बाळाच्या गालावर नखाएवढी लाल रेघ होती, तिच्यावर हळद आणि तेल थापलेलं. मुलगा म्हणत होता, "दवाखान्यात जाऊन एकेकाला बघतोच." ताईच्या मनात वेगळंच होतं. "सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा हिनं विळीवर भाजी चिरली. मी नको म्हटलं होतं." बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस ती धड जेवली नव्हती, बाळालाही नीट पाजत नव्हती. तिनं आम्हाला एवढंच विचारलं, "माझ्यामुळे झालं का हो हे?"

घरात तीन माणसं तीन गोष्टी धरून बसली होती. डॉक्टरांना मात्र कुणी साधं विचारलंही नव्हतं, आणि दवाखान्यातूनही कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. आम्हालाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग आम्ही डॉक्टरांना, परिचारिकांना, आशाताईंना विचारून ही माहिती गोळा केली.

आधी हे कसं होतं ते पाहू. सिझरमध्ये पोटाची कातडी आणि खालचे थर एकेक करून उघडतात आणि शेवटी गर्भपिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद देतात. बराच वेळ कळा येऊन गेल्या असतील तर हा भाग ताणून अगदी पातळ झालेला असतो. पाणमोट फुटून पाणी निघून गेलं असेल, तर पिशवी आणि बाळ यांच्यामध्ये पाण्याची गादीही उरत नाही. बाळाचं डोकं किंवा गाल पिशवीला आतून चिकटलेला असतो. त्यात रक्तामुळे नीट दिसत नाही. गच्च भरलेल्या उशीची शिवण ब्लेडनं उसवताना आतल्या कापडाला पातं लागू नये म्हणून आपण किती जपतो, तरी एखाद्या वेळी लागतंच. तसंच हे आहे.

म्हणून डॉक्टर छेद एकदम खोल देत नाहीत. थोडं थोडं कापतात, रक्त ओढून घेऊन पाहतात. शेवटचा पातळ पडदा बरेच जण बोटानं किंवा बोथट हत्यारानं उघडतात आणि छेद दोन्ही बोटांनी रुंद करतात. पण बाळाचे ठोके कमी झाले, बाळ अडकलं, आईला रक्तस्राव सुरू झाला, तर मिनिटामिनिटाला किंमत असते. अशा घाईच्या सिझरमध्ये इजेची शक्यता वाढते. बाळ डोक्याकडून असेल तर ओरखडा बहुधा डोक्यावर किंवा चेहऱ्यावर येतो. पायाळू असेल तर कुल्ल्यावर किंवा पाठीवर येऊ शकतो.

हे किती वेळा होतं? अमेरिकेतल्या मोठ्या दवाखान्यांमधल्या ३७ हजारांहून अधिक सिझरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या साधारण एका बाळाला काही ना काही इजा झाली होती. कातडीला काप लागलेली बाळं हजारात सात होती. आधीच ठरवलेल्या सिझरमध्ये प्रमाण कमी होतं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ निघालं नाही म्हणून सिझर करावं लागलं, तिथं ते बरंच जास्त होतं. म्हणजे उत्तम सोयी असलेल्या ठिकाणीही हे घडतं.

आपल्याकडे हे समजून घ्यायची गरज वाढली आहे, कारण सिझरच वाढले आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसली. खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं, तर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. पण म्हणून ओरखड्याच्या भीतीनं गरजेचं सिझर नाकारू नका. साध्या बाळंतपणातही बाळाला खरचटतं, सूज येते. अडलेल्या बाळंतपणातला धोका तर ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता इजा कोणत्या आणि त्यांचं काय करायचं ते सांगतो. कातडीवरचा वरवरचा काप धुऊन स्वच्छ ठेवला की भरून येतो. थोडा मोठा असेल तर डॉक्टर औषधी चिकटपट्टी किंवा खास गोंद लावतात, क्वचित टाके घालतात. बाळाची कातडी लवकर भरते आणि बहुतेकांची खूण पुढे फिकी पडते. काप खोल असेल, किंवा डोळ्याजवळ, ओठावर, कानावर असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

डोक्यावरची मऊ, पसरट सूज दोन-तीन दिवसांत उतरते. दुसरी सूज गाठीसारखी, डोक्याच्या एकाच बाजूला असते. ती पहिल्या दिवशी दिसत नाही, नंतर वाढते. हाडाच्या वर साचलेलं ते रक्त असतं. जिरायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. ती दाबू नका, फोडू नका. आपल्याकडे मालीशवाल्या बाई डोकं गोल करायला चोळतात, तेही अशा बाळाला करू नका. अशा बाळाला कावीळ जास्त होऊ शकते, म्हणून अंगाचा पिवळेपणा रोज उजेडात बघा.

बाळ एक हात हलवत नसेल, किंवा हात उचलला की कळवळत असेल, तर गळपट्टीचं हाड मोडलेलं असू शकतं किंवा खांद्याच्या नसांना ताण बसलेला असू शकतो. हे क्वचित होतं. ते हाड बहुधा आपोआप जुळतं, पण दाखवायला उशीर करायचा नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. कमरेवर किंवा कुल्ल्यावर जन्मतः निळसर डाग असतो, तो मार नव्हे. ती जन्मखूण असते आणि बहुतेक मुलांची काही वर्षांत जाते.

घरी काय करायचं? जखमेला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. डॉक्टरांनी दिलेलंच औषध लावायचं. हळद, तेल, तूप, राख, काजळ, शेण, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. आपल्या स्वयंपाकाला हळद चांगलीच आहे, पण डब्यातली हळद जंतूविरहित नसते. जखम भरेपर्यंत त्या जागी मालीश नको, धुरी आणि शेगडीचा शेक नको. भुसावळचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. कोवळ्या खुणेवर थेट ऊन पडू देऊ नका. आणि पाजणं थांबवू नका. गालावर ओरखडा असला तरी बाळ दूध ओढू शकतं, आणि आईच्या कुशीत पिताना बाळाचं दुखणंही कमी होतं.

जखमेभोवती लाली पसरली, पू आला, रक्त थांबेना, बाळ तापलं किंवा गार पडलं, दूध ओढेना, सुस्त पडलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, तर सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या आणि जाण्यायेण्याचं वाहन मोफत आहे. आजारी नवजात बाळाचा उपचारही मोफत आहे. आशाताई बाळाला बघायला ठरलेल्या दिवशी घरी येतात, अगदी ४२ व्या दिवसापर्यंत. त्यांच्यापासून खूण झाकू नका, उघडून दाखवा.

आता विचारायचं कसं, ते. बाळ हातात आलं की बाळंतिणीजवळच्या बाईनं डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघावं. काही दिसलं तर शांतपणे विचारावं: हे कशानं झालं? किती खोल आहे? काय लावायचं? पुन्हा कधी दाखवायचं? आणि हे सुटीच्या कार्डावर लिहून द्या, असंही सांगावं. लेखी असलं की पुढच्या डॉक्टरला कळतं. मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत केसपेपरच्या प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे.

प्रत्येक ओरखडा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. पण इजा होणं वेगळं आणि ती लपवणं वेगळं. बाळाला लागलंय हे आईला दवाखान्यातच कळायला हवं, घरी आल्यावर नव्हे. हलगर्जी झाली असं खरंच वाटलं तर लेखी तक्रार करता येते, ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. तोडफोड आणि मारहाण मात्र करायची नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिवाय त्यात बाळाचं काय भलं होणार?

त्या ताईकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या मुलाला समजावलं आणि सगळे मिळून दवाखान्यात गेलो. सुनेलाही सोबत घेतलं, कारण उत्तर तिलाच हवं होतं. डॉक्टरांनी हळद धुऊन काढली. जखम वरवरचीच होती. पाणी आधीच गेलेलं होतं आणि बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाई करावी लागली, हे त्यांनी सांगितलं. "तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं," असंही म्हणाले. कार्डावर नोंद करून दिली. मग सुनेनं विचारलं, "डॉक्टर, ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानं असं होतं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो बाई. हे माझ्या हातून झालं, तुमच्या हातून नाही."

सून तिथंच रडायला लागली. सासूबाई काही वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी बाळाला सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाज तिला."

पुढच्या बैठकीला ताई आली. हप्ता भरून झाल्यावर तिनं स्वतःहून सगळं सांगितलं. "मीच बोलली होती सुनेला. मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. आता आमच्या गटात कुणाची सून किंवा लेक दिवस गेलेली असली की तीच सांगते, की बाळाला नीट बघा, काही दिसलं तर विचारा, लिहून घ्या आणि हळद लावू नका. मुलीच्या गालावरची रेघ आता दाखवल्याशिवाय दिसत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या, आणि सासूबाईंनाही बोलवा. पुन्हा भेटूच. नमस्कार.